निकल म्हणायचं नाही

आमच्या घरात जवळजवळ दोन वर्षं एक शब्द उच्चारायला बंदी होती, आणि तो शब्द एका कॉम्प्युटर गेममधला होता. बंदी बाबांनी घातली होती. तोपर्यंत बाबांनी घरात कशालाच बंदी घातली नव्हती. तो स्वभावच नव्हता त्यांचा. ते सरकारी खात्यात नकाशे काढायचे, घरी आल्यावर पंख्याखाली बसून घाम पुसायचे आणि उद्या काय काय बिघडू शकतं याचा विचार करायचे. काळजी करणं हे त्यांचं दुसरं ऑफिस होतं आणि तिथे त्यांना सुट्टी नसे.

गेम अमेरिकन फुटबॉलचा होता. पुण्याच्या मामेभावाने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला, कारण मी कॉलेजबरोबर कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. त्याच्याबरोबर ही सीडी आली. त्याला ती कुणीतरी अमेरिकेहून आणून दिली होती. त्यातलं त्याला काही कळलं नाही, म्हणून ती ग्वाल्हेरला पाठवावी असं त्याला वाटलं. पुण्याचे लोक आम्हाला नेहमी असंच काहीतरी पाठवतात आणि वर आमच्या मराठीला हसतात.

मी हट्टाने तो गेम शिकले. आपल्याकडे फुटबॉल पायाने मारतात, तिकडे तो हातात धरून पळतात नाहीतर लांब फेकतात, आणि समोरचे अकरा जण त्या पळणाऱ्याला आडवे करतात. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकलात की पुन्हा चार संधी. एवढंच. पण प्रत्येक संधीच्या आधी खेळ थांबतो आणि पडद्यावर डावांचे आराखडे येतात: गोल, फुल्या, बाण, तुटक रेषा.

एका रविवारी बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले ते या आराखड्यांमुळे.

"हा नकाशा कोणी काढला?" त्यांनी विचारलं. "चांगला काढलाय. पण हे सगळे पुढे उभे आहेत. मागून कोणी निघून गेला तर?"

"बाबा, मागे चार जण आहेत ना. दिसून नाही राहिले का?"

"चौघांनी काय होतं," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. चेंडू आमच्याकडे असला की खेळ माझा, चेंडू कॉम्प्युटरच्या संघाकडे गेला की बचाव बाबांचा. बटणं दोन्ही वेळा मीच दाबायचे, पण बचावाला कुठली माणसं उतरवायची ते बाबा ठरवायचे. त्यालाच त्या गेममध्ये पॅकेज म्हणत. अकरा जागा ठरलेल्या, पण त्यात किती पहिलवान आणि किती पळणारे, हे दरवेळी निवडायचं. पहिलवान पुढे उभे राहून माणसाला अडवतात, पळणारे मागे राहून लांब फेकलेला चेंडू पकडू देत नाहीत. पहिलवान जास्त घेतले तर मागची बाजू उघडी पडते. पळणारे जास्त घेतले तर समोरचा मधूनच घुसतो. समोरचा काय करणार हे आधी कळत नाही, आणि विचार करायला काही सेकंदच मिळतात. बाबांसारख्या माणसाला याहून छळवादी खेळ सापडला नसता, आणि म्हणूनच तो त्यांना सोडवेना.

चार पळणाऱ्यांचं साधं पॅकेज होतं, त्याला बाबा 'रोजचं' म्हणायचे. समोरचा अगदी आपल्या टोकाशी, म्हणजे दारात, आला की सगळे पहिलवान उभे करायचं एक होतं, ते 'दारातलं'. सहा पळणाऱ्यांचं होतं डाईम. आणि या रोजच्याच्या आणि डाईमच्या मधलं, पाच पळणाऱ्यांचं, जे खरं तर सगळ्यात जास्त वेळा कामाला येतं, त्याचं नाव होतं निकल.

मी बाबांना समजावून सांगितलं होतं, की निकल म्हणजे तिकडचं पाच सेंटचं नाणं, मागे पाच माणसं म्हणून हे नाव. बाबांनी नीट ऐकून घेतलं. सुरुवातीचे काही आठवडे त्यांनी ते लावलंही. मग छत्तीसगड झालं.

आमच्या राज्याचे दोन तुकडे झाले आणि राज्याबरोबर नोकरांचीही वाटणी निघाली. कोण इकडे राहणार आणि कोण तिकडे जाणार हे ठरवण्याला आवंटन म्हणत. त्याचा मराठी अर्थ वाटप. सत्यनारायणाच्या प्रसादाचं होतं तसंच. बाबांना त्याचे नियम तोंडपाठ झाले होते आणि ते जेवताना आम्हालाही ऐकवायचे. आधी जे स्वतःहून तयार असतील ते जाणार. मग जे मूळचे तिकडचेच आहेत ते. तरीही जागा उरल्या तर प्रत्येक पदावरचे सगळ्यात खालचे उचलणार.

बाबा सगळ्यात खालचे होते. आयुष्यभर ते मानचित्रकार होते, म्हणजे नकाशे काढणाऱ्यांतले एक, आणि त्या पदावर चांगले वरच्या क्रमांकावर होते. आदल्याच वर्षी बढती मिळून ते मुख्य मानचित्रकार झाले आणि नव्या पदाच्या तळाशी जाऊन बसले. त्या बढतीचे पेढे मी महाराज बाड्यावरून आणले होते आणि जयेंद्रगंजातल्या आमच्या गल्लीत घरोघर वाटले होते. ज्यांना बढती मिळाली नाही ते बाबांचे मित्र आता निवांत होते. त्यांच्याकडे पाहून बाबांचा जीव जळायचा.

यात भर म्हणजे, बाबांना हे सगळं ओळखीचं होतं. ते लहान असताना संस्थान गेलं, मध्य भारत झालं, मग तेही मोडलं आणि भोपाळ राजधानी झाली. आजोबांचं दफ्तर भोपाळला हललं आणि दफ्तराबरोबर आजोबा हलले. आजीने लष्कर, म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा हा भाग, सोडलं नाही. बाबा वडील जिवंत असून वडिलांशिवाय वाढले. दिल्लीत किंवा भोपाळमध्ये कुणी नकाशावर नवी रेघ ओढली की आमच्या घरातला एक माणूस कमी होतो, अशी त्यांची समजूत होती, आणि ती चूक आहे असं मी तरी कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

तर अशा वेळी, संध्याकाळी, आपल्याच घरात बसून, आपल्याच तोंडाने 'निकल लाव' असं म्हणणं बाबांना जमेना. आपल्याकडे बाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. इथे तर दिवसभर कानावर हिंदी. हिंदीत निकल म्हणजे चालता हो. पडद्यावर ते इंग्रजीत लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ नाणं होता, हे सगळं बाबांना मान्य होतं.

"असेल नाणं," ते म्हणाले. "पण ग्वाल्हेरात निकल म्हणजे निकल. आवंटन होईपर्यंत हा शब्द घरात नको."

"मग आपण त्याला पाचवालं म्हणू," मी तोडगा काढला.

बाबांनी थोडा विचार केला. "नाव बदललं तरी बटण तेच दाबणार ना तू?"

मी कपाळाला हात लावला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांना राहू दे गं. एक शब्द नाही बोललो तर काय मरून नाही राहिलो आपण."

आई लष्करातल्या एका खासगी मराठी शाळेत शिकवायची. तिच्यावर आवंटनाचं संकट नव्हतं आणि तिने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं, की तुम्हाला कुठे पाठवायचं तिथे पाठवू देत, मी माझी शाळा आणि लष्कर सोडून कुठे येणार नाही. ती हे हसत म्हणायची. बाबा ते हसत ऐकायचे नाहीत.

मग त्या शब्दाची बंदी पसरत गेली. जवळच्या दाना ओली नावाच्या गल्लीत रस्ता इतका चिंचोळा, की प्रत्येक स्कूटरवाला सारखा 'निकल भाई, निकल' करत जातो. बाबा त्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे जाईनासे झाले आणि लांबचा महाग किराणा आणू लागले. शेजारच्या बाईंनी जिन्यातून मुलाला 'चल निकल' म्हटलं की बाबा आमच्या घरातला रेडिओ मोठा करायचे. मी हसायचे. पण घरात एक माणूस सतत कान टवकारून बसला असेल तर हळूहळू सगळ्यांचेच कान टवकारतात. फोन वाजला की मी दचकायचे. पोस्टमन गल्लीत शिरला की आई शिकवण्याच्या आवाजात विचारायची, "आपल्याकडे आहे का?" आणि तो पुढे गेला की पदराने तोंड पुसायची.

ऑफिसात तर रोज नवी बातमी. आज कोणी म्हणायचं, यादी तयार आहे. उद्या कोणी म्हणायचं, यादी रद्द झाली. ज्याचा साडू भोपाळच्या मंत्रालयात असेल त्याच्याभोवती चहाच्या वेळी गर्दी. बाबा घरी येऊन सगळं सांगायचे आणि मग विचारायचे, "तुला काय वाटतं?" एकवीस वर्षांच्या मुलीला काय वाटणार? मला वाटायचं, की एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. ते मी बोलले नाही, पण कॉम्प्युटरसमोर बसल्यावर माझा संताप बाहेर पडायचा.

कारण त्या बंदीने आमच्या बचावाचं वाटोळं केलं होतं. बाबा आता रोजच्यावरून एकदम डाईमवर उडी मारायचे. त्यांना भीती वाटायची ती लांब फेकलेल्या चेंडूची. डोक्यावरून जाऊन पार तिकडे, मैदानाच्या टोकाला पडणारा चेंडू, ज्याच्यामागे कितीही धावलं तरी हात पोहोचत नाही. तो एकदा त्यांच्या डोळ्यांसमोर पडला होता आणि ते तो कधी विसरले नाहीत. म्हणून सहाच्या सहा पळणारे मागे. आणि कॉम्प्युटर काही वेडा नव्हता. पुढची जागा रिकामी पाहून तो चार यार्ड, पाच यार्ड, पुन्हा चार यार्ड, असा चालत चालत आमच्या दारापर्यंत यायचा.

"बाबा, तो लांब फेकूनच नाही राहिला. मधूनच येतोय, पाहा ना."

"आता नाही फेकला. पुढच्या वेळी फेकेल."

"अहो, पण तोपर्यंत तो जिंकून राहिलाय!"

"जिंकू दे. पण डोक्यावरून नाही गेला ना?"

अशा रीतीने आम्ही सगळे सामने हरायचो, आणि एकही चेंडू डोक्यावरून गेला नाही म्हणून बाबा समाधानाने जेवायला बसायचे.

एका गुरुवारी दुपारी आई शाळेतून लवकर आली होती आणि मी परीक्षेचं वाचत होते, तेव्हा फोन वाजला. आईने उचलला. भोपाळहून बाबांचे एक सहकारी बोलत होते, तिथे कामाला गेलेले. भला माणूस, आम्हा मराठी लोकांत वाढलेला, पण बोलायचा हिंदीच. ते घाईत होते. आईने मला ऐकू यावं म्हणून रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, आणि मी स्वतः ऐकलं: "भाभीजी, साहब आएँ तो बोल दीजिएगा, उनका निकाल दिया है। दूसरे का फोन है, रखता हूँ।"

आणि ठेवला.

आईने रिसीव्हर तसाच हातात धरला होता. मग तिचा चेहरा उजळला. "निकाल दिया," ती म्हणाली. "काढलं. यादीतून नाव काढलं त्यांचं."

"आई, कशावरून? ऑर्डर निकाल दिया असंही असेल. हुकूम काढला."

"हुकूम काढला असता तर ऑर्डर म्हणाले नसते का?"

"नाव काढलं असतं तर नाव म्हणाले नसते का?"

त्या वाक्यात नावही नव्हतं आणि ऑर्डरही नव्हती, नुसतं काहीतरी काढलं होतं. मराठीत निकाल लागला म्हटलं असतं, तर कसला का होईना निर्णय झाला एवढं तरी कळलं असतं. अर्थात मराठीत माणसाचा निकाल लावतात त्याचा अर्थ आणखी वेगळा होतो, आणि तोही मला त्याच वेळी आठवला. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून, दिवसाचे बारा तास हिंदी बोलून, आम्हाला एका साध्या हिंदी वाक्याचा अर्थ लागत नव्हता.

आईने तिचा अर्थ पक्का केला आणि शिरा करायला घेतला. रवा भाजल्याचा वास घरभर पसरला. मला तिला थांबवायचं होतं. पण तिने वेलदोडे सोलायला घेतले होते आणि ती गुणगुणत होती. कितीतरी महिन्यांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

बाबा आले. आईने दारातच सांगितलं, "तुमचं नाव काढलं."

बाबांनी चप्पल उतरवली. "म्हणजे मी काय पराक्रम केला?"

"तसं नाव काढलं नाही हो. यादीतून. भोपाळहून फोन होता."

बाबा खाली बसले, आणि मग प्रश्न सुरू झाले. नक्की काय म्हणाले? शब्दाला शब्द सांग. आवाज कसा होता? हसून बोलले का? "दिया" म्हणाले की "दिया है"? "उनका" म्हणाले की "उनको"? मी सगळं सांगितलं. प्रत्येक उत्तराबरोबर बाबांचा चेहरा थोडा उजळायचा आणि थोडा विझायचा. उलटा फोन लावायचा तर त्या सहकाऱ्यांचा भोपाळमधला मुक्काम कुठे ते ठाऊक नव्हतं, आणि ऑफिसं बंद झाली होती. सकाळपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता.

शिरा कुणाला धड गेला नाही. आईलाही नाही. चार घास झाल्यावर तिने चमचा ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मी गलत ऐकलं का?"

"ऐकलं बरोबर," बाबा म्हणाले. "ते बोललेच असं."

मला ते सहन होईना. मी कॉम्प्युटर लावला आणि बाबांना हाक मारली. ते येऊन बसले. चेंडू समोरच्याकडे होता, शेवटची संधी, थोडेच यार्ड बाकी. पडद्यावर पॅकेजं आली. बाबांनी बोट उचललं, रोजच्याकडे नेलं, मग डाईमकडे, मग परत. सेकंद पळत होते. "बाबा, सांगा ना काहीतरी," मी म्हणाले. त्यांचं बोट हवेतच राहिलं. वेळ संपली की कॉम्प्युटर स्वतःच काहीतरी लावतो. त्याने निकल लावलं.

आणि त्या डावात समोरच्याला एक यार्डसुद्धा मिळालं नाही. आमच्या पाचव्या माणसाने चेंडू मधल्या मध्ये झेलला आणि पळत सुटला. पडद्यावर लोक उड्या मारत होते. बाबा पाहत होते, पण त्यांना आनंद झाला नाही.

"बंद कर," ते म्हणाले.

मी असल्या गोष्टी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. तरी कॉम्प्युटर बंद करून मी त्याची वायरही भिंतीतून काढली.

दुसऱ्या दिवशी बाबा दुपारीच घरी आले. डबा उघडला नव्हता. ते काही बोलायच्या आधीच आई उठून उभी राहिली होती.

"अंबिकापूर," बाबा म्हणाले.

पुढचे दिवस सामान बांधण्यात गेले, आणि बाबांनी त्यातही प्रत्येक वस्तूची काळजी केली. औषधं, कुलूप, मच्छरदाणी, नकाशांच्या पेन्सिली. छत्तीसगडातलं अंबिकापूर म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, मग बस. निघताना ते आम्हाला गॅस कसा बंद करायचा ते सांगत होते, जसं काही आम्ही त्यांच्या गैरहजेरीत पहिल्यांदाच गॅस पाहणार होतो.

नंतर ते रविवारी एसटीडी बूथवरून फोन करायचे. पहिले काही महिने फोनभर सूचनाच असत. दाराची कडी लावता ना, टाकी भरली का, परीक्षेचं काय. मग सूचना कमी होत गेल्या. "तुम्ही पाहाल ते बरोबर," असं म्हणू लागले. मला वाटलं, बरं झालं, सुधारले एकदाचे. आईला तसं वाटलं नाही. फोन ठेवल्यावर ती दाराची कडी लावली आहे का ते स्वतः जाऊन पाहायची.

इकडे आम्ही दोघींनी आमची सोय करून घेतली. बाहेरच्या खोलीत बाबांचा दिवाण होता तिथे वह्यांचे गठ्ठे आले, कारण आईला तपासायला तीच जागा बरी पडायची. त्यांच्या कपाटाचा एक कप्पा मी घेतला. खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती, तिथे कॉम्प्युटरचं टेबल सरकवलं. यातलं काहीही आम्ही ठरवून केलं नाही. जागा रिकामी होती आणि सामान तिकडे गेलं, इतकंच.

दिवाळीला बाबा आले. वाळले होते. पिशवी हातात धरून ते बाहेरच्या खोलीत उभे राहिले, आणि मला दिसलं, की ती ठेवायला त्यांना जागा सापडत नाही. मी धावत जाऊन गठ्ठे उचलले. "राहू दे, राहू दे," ते म्हणाले. "मी इथे कोपऱ्यात ठेवतो. तुमची अडचण नको."

भाऊबीज झाली त्या दुपारी मी गेम लावला. वाटलं, बाबांना बरं वाटेल. ते आले, माझ्या शेजारी स्टुलावर बसले. समोरच्याकडे चेंडू गेला, पॅकेजं आली, मी वाट पाहत राहिले.

"कुठलंही लाव," बाबा म्हणाले.

"असं कसं? लांब फेकला तर?"

"फेकू दे."

मी काहीतरी लावलं. चेंडू लांब गेला, सगळ्यांच्या डोक्यावरून, पार टोकाला. बाबांनी पाहिलं. "छान खेळतेस आता," ते म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्या काळजीला वैतागले होते, आणि आता हा शेजारी बसलेला शांत माणूस पाहून मला धडकी भरली. हे माझे बाबा नव्हते. हे कुणीतरी पाहुणे होते, फार चांगल्या वळणाचे.

मग ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आई चकल्या डब्यात भरत होती. बाबांनी हलक्या आवाजात विचारलं, "मी जरा आडवा पडू का? चालेल ना? तुमचं काही काम असेल बाहेर तर नंतर पडेन."

आईचा हात थांबला. तिने डब्याचं झाकण लावलं, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं, ती रडणार. ती रडली नाही. तिने शाळेतल्या आवाजात, प्रत्येक शब्द तोडून सांगितलं, "स्वतःच्या घरात विचारून राहिलात तुम्ही. पुरे झालं. मी राजीनामा देऊन येते तिकडे."

त्या शाळेत तिची सगळी हयात गेली होती. लष्कराबाहेर ती लग्नकार्यापलीकडे कधी राहिली नव्हती. आणि याचा अर्थ मी इथे एकटी राहणार, हेही माझ्या लक्षात आलं, पण आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तू येशील?" बाबांनी विचारलं.

"येते म्हटलं ना."

बाबांनी दाराची चौकट धरली. काही क्षण त्यांचा चेहरा कोराच होता. मग कपाळावर आठ्या आल्या, एक, मग दुसरी. "अगं, पण तिथलं पाणी जड आहे," ते म्हणाले. "डाळ शिजत नाही. तुझे केस गळतील. आणि खोली वरच्या मजल्यावर आहे, तुझे गुडघे... घरमालकाला खालची मागावी लागेल, तो देणार नाही. आणि ही इथे एकटी, हिचं काय? कडी तरी लावते का ही रात्री? गॅस तर बंद करतच नाही..."

ते बोलतच सुटले, एकात एक, श्वास न घेता, आणि खुर्चीत बसल्या जागी माझा जीव भांड्यात पडला.